रुपरावांचा अर्धा गुण

रुपराव लांजेवार यांना बुद्धिबळात विदर्भात कोणी हरवलं नव्हतं. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणायचे आणि रोज म्हणायचे. सकाळी हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना म्हणायचे, दुपारी डबा उघडताना म्हणायचे, आणि मधल्या वेळात कोणी नवा माणूस दिसला की त्याने न विचारता त्यालाही सांगायचे. "विदर्भात मले अजून कोणी हरवलं नाही." अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकलं. माणसाच्या सहनशक्तीला काही सीमा असते, आणि माझी तर आधीपासूनच फार लांबवर गेलेली नव्हती.

आम्ही दोघं धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला होतो. मी केसपेपरच्या खिडकीत बसायचो. रुपराव एक्स-रे विभागात. एक्स-रे काढणारा माणूस वेगळा. त्याला टेक्निशियन म्हणत आणि त्याला फिरती खुर्ची होती. रुपराव फिल्म धुवायचे. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभं राहून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिल्म बुडवायची, काढायची आणि वाळत टांगायची, एवढं त्यांचं काम. त्या औषधांनी त्यांच्या बोटांची टोकं पिवळट तपकिरी झाली होती आणि कपड्यांना एक आंबूस वास कायमचा चिकटलेला होता. लोकांची मोडलेली हाडं सगळ्यांच्या आधी बघायला मिळतात, याचा त्यांना अभिमान होता.

आता विदर्भात अपराजित राहण्याची त्यांची रीत सांगतो, म्हणजे तुम्हालाही ते जमेल. धंतोलीत दवाखाने किती आहेत हे मोजायला कोणी बसत नाही, पण वणी, उमरखेड, चिमूर, देसाईगंज, अचलपूर, जिथे कुठे माणूस फार आजारी पडतो तिथून त्याला बैलगाडी, एसटी आणि रिक्षा करत शेवटी इथेच आणतात. पेशंटला ऑपरेशन थिएटरात नेलं की बरोबरचा माणूस बाहेरच्या लाकडी बाकावर बसतो. त्या बाकाचा एक पाय लंगडा होता. बसणाऱ्याचा गुडघा हलायला लागला की बाक खडखड करायचा, आणि तिथे बसलेल्या माणसाचा गुडघा हलत नाही असं मी कधी पाहिलं नाही.

रुपराव फिल्म टाकीत सोडायचे आणि ती तयार होईपर्यंतच्या वेळात काखेत एक डबा मारून बाहेर यायचे. डबा एक्स-रे फिल्मचाच, पिवळा पुठ्ठ्याचा. त्याच्या झाकणावर आतून शाईने चौसष्ट घरं आखलेली. सोंगट्या लाकडी, पण अर्ध्या हरवलेल्या. पांढरा उंट म्हणजे औषधाच्या बाटलीचं बूच आणि काळ्या प्याद्यांपैकी तीन म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी झाकणं. बाकावरच्या माणसाशेजारी बसून ते विचारायचे, "येते का गा बुद्धिबळ?" ज्याच्या भावाचं पोट आत उघडं आहे तो माणूस हो म्हणावं की नाही, हे ठरवायच्या आत सोंगट्या मांडून झालेल्या असायच्या. मग दर दहा मिनिटांनी रुपराव उठून फिल्म बघून यायचे, आणि तो माणूस थिएटरच्या दाराकडे बघत बसायचा. अशा माणसाला रुपराव हरवायचे. रोज एक, कधी दोन. वणी हरली, उमरखेड हरलं, चिमूर तर कैकदा हरलं. सगळा विदर्भ त्या बाकावर येऊन रुपरावांकडून हरून गेला, आणि जाताना त्यातल्या कोणालाही आपण हरलो हे आठवत नव्हतं.

खेळ देशी पद्धतीचा, आपल्याकडे ओट्यावर आणि पानठेल्यावर खेळायचे तसा. त्यात एक नियम असा की समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि त्याचा राजा पटावर एकटाच उरला, तर त्याला बुर्जी म्हणायचं आणि डाव बरोबरीत सोडायचा. म्हणून जिंकायचं असेल तर समोरच्याचं एक तरी मोहरं जिवंत ठेवून मात द्यावी लागते. आणि ती मात आपल्या प्याद्याने दिली तर तिला प्यादेमात म्हणतात. त्यापेक्षा मोठा मान त्या खेळात नाही. रुपराव नेहमी समोरच्याचं शेवटचं मोहरं ठेवायचे. एखादं रबरी झाकण कोपऱ्यात उभं असायचं, मारायला एक चाल पुरे, पण रुपराव त्याच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. सावकाश आपलं प्यादं पुढे सरकवत न्यायचे. मला ते बघून चीड यायची. मांजर उंदराला लगेच मारत नाही, त्यातला तो प्रकार वाटायचा मला. आधीच खचलेल्या माणसाला प्यादेमात देऊन यांना कोणता मान मिळतो, असं मी मनात म्हणायचो.

एक दिवस ते मनातून बाहेर पडलं. साल एकोणऐंशी. खिडकीसमोर रांग दारापर्यंत गेली होती आणि मोठ्या डॉक्टरांनी सकाळीच सगळ्यांसमोर माझी हजामत केली होती. बाकावर चिमूरकडचा एक माणूस बसला होता. त्याची आई आत होती. तो एका हाताने डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हाताने घोडा उंटासारखा तिरका चालवत होता. रुपरावांनी त्याचा घोडा नीट घरात ठेवून दिला, त्याला प्यादेमात दिली आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "विदर्भात मले..."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "रुपरावजी, ज्याची माय आत टेबलावर निजवली आहे, त्याले हरवता तुम्ही. त्यात कायचा मोठेपणा? ज्याचं आत कोणी नाही, अशा एखाद्या माणसाले हरवून दाखवा एकदा."

रांगेतली माणसं हसली. कोणाची तरी फजिती होत असली की रांगेतल्या माणसाला बरं वाटतं. रुपराव हसले नाहीत, चिडलेही नाहीत. डबा काखेत घेऊन डार्करूममध्ये गेले. दोन दिवस ते वाक्य दवाखान्यात कोणी ऐकलं नाही. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी खिडकीशी आले. पेपरात जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेची बातमी आली होती, तिचं कात्रण त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "फॉर्म आणून भरून दे. एक डाव जिंकीन. एकच. ज्याचं आत कोणी नाही, अशा माणसासोबत. मंग तू मले बोलायचं नाही."

मी आनंदाने फॉर्म आणला आणि त्यांच्यासमोर भरला. 'यापूर्वीची कामगिरी' अशा रकान्यात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'संपूर्ण विदर्भात अपराजित'. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. उपरोध त्यांच्यापर्यंत पोचला नाही; माझ्या उपरोधाचं आयुष्यभर हेच होत आलं आहे. सही करताना त्यांनी विचारलं, "बुर्जी धरतात का गा तिथं?" मला त्या स्पर्धेतलं ओ की ठो माहीत नव्हतं. मी मान वर न करता म्हटलं, "धरतात. काहून नाही धरणार?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे पाच वर्षं ठेवावं लागलं.

स्पर्धा डिसेंबरच्या सुट्टीत होती, धरमपेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. तीन दिवस, सहा फेऱ्या. रुपरावांनी रजा टाकली. लग्नातला कोट काढला, तो पोटावर बसत नव्हता म्हणून उघडाच ठेवला, आणि काखेत पिवळा डबा घेऊन आले. दारातल्या माणसाने पट आमच्याकडे आहेत असं सांगितल्यावर त्यांना वाईट वाटलं. पहिल्या दिवशी मीही गेलो होतो. माणूस ज्या खड्ड्यात पडावा म्हणून आपण झटलो, तो पडताना बघायला हवाच ना.

पहिल्याच फेरीत गंमत झाली. समोरच्या कॉलेजच्या मास्तराने एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवले. रुपरावांनी त्याचा हात धरला. एका चालीत दोन मोहरी हलवायची लबाडी आपल्यासमोर चालणार नाही, असं त्यांनी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. पंच धावत आले. त्या चालीला किल्लेकोट म्हणतात आणि ती नियमात बसते, हे पटायला रुपरावांना वेळ लागला. डाव तर ते हरलेच. नंतर पंचांनी त्यांना बाजूला नेलं आणि पंधरा-वीस मिनिटं नियमांची पुस्तिका उघडून काहीबाही समजावत राहिले. मी तेव्हा बाहेर चहा पीत होतो आणि चहावाल्याला सगळा किस्सा सांगत होतो.

दुसऱ्या फेरीत त्यांना घड्याळाने मारलं. स्पर्धेत दोघांच्या मध्ये एक जोडघड्याळ असतं. चाल केली की बटण दाबायचं, म्हणजे आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. रुपरावांचं बटण दाबायचं राहायचं. त्याहून वाईट म्हणजे दर दहा मिनिटांनी ते खुर्चीवरून उठायचे आणि दाराबाहेर व्हरांड्यात जाऊन यायचे. बरी बाजू असताना त्यांची वेळ संपली. पंचांनी विचारलं, तुम्ही सारखं उठून कुठे जाता? रुपराव गोंधळले. इतक्या वर्षांत दहा मिनिटांच्या वर ते कधी सलग बसलेच नव्हते. फिल्म काळी पडेल, या भीतीने पाय आपोआप उठत होते.

तिसरी फेरी बँकेतल्या एका अधिकाऱ्याने वीस मिनिटांत संपवली आणि उरलेल्या वेळात पेपर वाचला. चौथी गेली. पाचवी गेली. रोज संध्याकाळी मी दवाखान्यात निकाल जाहीर करत होतो. कोणी विचारलं नाही तर मीच विषय काढायचो. पाचपैकी शून्य. अपराजित माणसाचा विदर्भ धरमपेठेत संपला, हे माझं वाक्य नर्सेसना फार आवडलं आणि मी ते तीन-चार जणींना वेगवेगळं ऐकवलं.

शेवटच्या दिवशी दुपारी एकच फेरी होती, मी अर्धी रजा घेऊन गेलो. सहापैकी शून्य बघायचं होतं.

शेवटच्या फेरीत ज्यांचे गुण सारखे त्यांची गाठ घालतात. शून्यवाले दोघंच होते. दुसरा बळीराम कोहळे, हिंगण्याच्या एका कारखान्यात टर्नर. पहिली पाळी करून कंपनीच्या बसने उतरून तो तडक आला होता. अंगात निळा शर्ट आणि नखांत काळं तेल तसंच. वय तिशीचं असेल. दाराजवळच्या शेवटच्या टेबलावर त्यांना बसवलं होतं. तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण खुर्चीला धक्का देऊन जायचा. बळीराम सारखा कपाळ पुसत होता. शून्य घेऊन कारखान्यात परत जायचं त्याच्याही जिवावर आलं असावं.

त्या दिवशी रुपराव उठले नाहीत. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. दोन्ही हात मांडीखाली दाबून ते पटाकडे बघत बसले होते. बटणही आठवणीने दाबत होते. आणि जिंकत होते. मला खेळातलं फार कळत नाही, पण पटावर कोणाची गर्दी आहे एवढं दिसतं. बळीरामची मोहरी एकेक करून उठत गेली. शेवटी बळीरामकडे राजा आणि एक घोडा राहिला. रुपरावांकडे राजा, उंट आणि मधोमध पुढे आलेलं एक प्यादं. बळीरामचा घोडा कोपऱ्यात अडकला होता. उंटाने त्याच्यावर नेम धरला होता आणि बळीरामचा राजा दूर होता.

बाकीचे डाव संपत आले होते, त्यामुळे आजूबाजूला पाच-सात माणसं जमली. माझ्याशेजारच्या चष्मेवाल्याने हळूच म्हटलं, "घोडा मारला की संपलं. प्यादं जाऊन वजीर होईल." मी शहाणपणाने म्हटलं, "घोडा मारला तर बुर्जी होईल ना, साहेब." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या कोटावर पान थुंकलो होतो. म्हणाला, "बुर्जी ठेल्यावर, भाऊ. इथं असलं काही नसते."

खिडकीत बसून मान वर न करता मी काय सांगितलं होतं, ते शब्दशः आठवलं. आणि सांगायची सोय नव्हती. डाव चालू असताना बाहेरच्याने तोंड उघडलं की त्याला हाकलतात आणि खेळणाऱ्याचा डाव जातो, असा कागद भिंतीवर लावलेला होता. मी त्या कागदाखालीच उभा होतो.

रुपरावांचा हात उंटाकडे गेला. तिथे थांबला. बोटांची ती तपकिरी टोकं उंटाच्या डोक्याला लागता लागता राहिलेली मी बघितली. मग ते टेबलाच्या बाजूला कुठेतरी खाली बघत बसले, बराच वेळ. मग हात बाजूला नेला आणि प्यादं एक घर पुढे सरकवलं. चष्मेवाला 'अरेरे' म्हणाला. बळीरामने राजा जवळ आणला. रुपरावांनी पुन्हा प्यादं सरकवलं. आता बळीरामच्या घोड्याला बाहेर पडायला वाट झाली होती. तो बाहेर पडला, आणि आणखी दोन चालींनी त्याने ते प्यादं मारलं.

पटावर एकीकडे राजा आणि उंट, दुसरीकडे राजा आणि घोडा. एवढ्यावर कोणीच कोणाला मात देऊ शकत नाही. पंचांनी दोघांकडे बघितलं आणि डाव बरोबरीत सुटल्याचं सांगितलं. प्रत्येकी अर्धा गुण. बळीरामने रुपरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. अर्धा गुण मिळालेला माणूस इतका आनंदी झालेला मी कधी पाहिला नाही. रुपरावांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, कोट सारखा केला आणि बाहेर आले.

सायकली हातात धरून आम्ही चालत निघालो. मी तोंड उघडणार होतो. माझ्यामुळे तुमचा जिंकलेला डाव गेला, एवढंच म्हणायचं होतं. रुपराव म्हणाले, "हुकलं गा." मी हो म्हटलं. माझी सगळी वळणदार वाक्यं त्या वेळी कुठे गेली कोण जाणे.

त्या दिवसापासून रुपरावांनी ते वाक्य बंद केलं. हजेरीला नाही, डब्याला नाही, कधीच नाही. जे ऐकायला नको म्हणून मी एवढी यातायात केली होती, ते ऐकू येईना. डबा मात्र काखेत घेऊन ते बाकावर जातच राहिले. हरवतही राहिले. आता ते कोणाला सांगत नव्हते, एवढाच फरक. दवाखान्यातल्या लोकांनी अर्ध्या गुणावरून त्यांची थट्टा केली, की मी उठून पाणी प्यायला जायचो. पाच वर्षांत माझ्याएवढं पाणी त्या दवाखान्यात कोणी प्यायलं नसेल.

चौऱ्याऐंशी साली माझ्या बायकोच्या, गोपिकाच्या, पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात. सकाळी अकराला तिला आत नेलं. वीस वर्षं मी बाहेरच्या लोकांना केसपेपर देऊन 'बाकावर बसा' म्हणत आलो होतो. त्या दिवशी कोणी सांगायच्या आत जाऊन बसलो. दीड तास लागेल म्हणाले होते. दोन तास झाले. कोणी बाहेर येईना. मी भिंतीवरची पाटी वाचत होतो. तिच्यावर शांतता राखा असं लिहिलेलं होतं, आणि जवळच कुठेतरी काहीतरी सारखं खडखडत होतं. मला त्या आवाजाचा राग यायला लागला. हा बाक दुरुस्त करून घ्या असं मी कितीदा सांगितलं असेल.

रुपराव आले, शेजारी बसले, डब्याचं झाकण उलटं ठेवलं आणि सोंगट्या मांडायला लागले. येते का, असं विचारलं नाही. मी म्हटलं, "रुपरावजी, आज नको." त्यांनी बूच उंटाच्या घरात ठेवलं आणि म्हणाले, "चाल कर."

मी केली. काय केली ते सांगता येणार नाही. एकदा मी माझाच हत्ती माझ्याच प्याद्यावर ठेवला, तो त्यांनी काही न बोलता परत ठेवला. दहा मिनिटांनी ते फिल्म बघायला गेले, तर मला ती दहा मिनिटं जाता जाईनात. ते परत येईपर्यंत मी पटाकडे बघत बसलो, दाराकडे नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की या बाकावर दुसरीकडे बघायला काहीतरी असणं ही केवढी गोष्ट आहे. अकरा वर्षं मी तिची चेष्टा केली होती. लाज वाटली, आणि वाटली ते बरं झालं.

शेवटी माझ्याकडे राजा आणि एक रबरी झाकण उरलं. त्यांच्या हत्तीच्या तोंडाशीच होतं ते. त्यांनी ते सोडलं आणि आपलं प्यादं पुढे सरकवलं. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "रुपरावजी, त्या स्पर्धेत बुर्जी धरत नव्हते. मी न विचारताच तुम्हाले धरतात म्हणून सांगतलं होतं. माह्यामुळं गेला तुमचा डाव."

रुपराव पटाकडेच बघत होते. म्हणाले, "मले माहीत होतं. पंचानं पह्यल्याच दिवशी समजावून सांगतलं होतं सगळं."

"मंग घोडा काहून नाही मारला?"

त्यांनी सांगितलं ते असं. दवाखान्यात लागून त्यांना वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. वणीकडचा एक माणूस याच बाकावर होता, त्याचा धाकटा भाऊ आत. डाव लांबत चालला होता, रुपरावांची ड्यूटी संपत आली होती, घरी जायची घाई होती. डाव मिटवायचा म्हणून त्यांनी त्याचं शेवटचं मोहरं मारलं. बुर्जी झाली, डाव बरोबरीत, कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. त्याच वेळी दार उघडून सिस्टर आली आणि तिने नकाराची मान हलवली. तो माणूस रडला नाही. एकट्या राजाकडे बघत राहिला आणि म्हणाला, सगळंच गेलं गा.

"तवापासून शेवटचं मोहरं माह्या हातानं उचलल्या जात नाही," रुपराव म्हणाले. "तिथं उचलणार होतो. तुले दाखवाचं होतं ना. हात नेला होता उंटावर. पण त्या पोराचा पाय टेबलाखाली हालून राहिला होता. आपल्या बाकावरच्या लोकाइचा हालते, तसाच. मले काय माहीत गा, त्याचं आत कोण होतं."

ती खडखड माझ्याच गुडघ्याची होती, हे मला तेव्हा कळलं. रुपरावांनी त्यावर हात ठेवला नाही की धीराचे शब्द बोलले नाहीत. "चाल तुझी हाय," एवढं म्हणाले. मी झाकण एक घर पुढे सरकवलं.

दार उघडलं तेव्हा ते झाकण पटावरच होतं. सिस्टरने माझं नाव घेतलं आणि हसली. खडे तिने एका बाटलीत घालून आणले होते, सात होते, आणि ते मला दाखवायची तिला फार हौस होती.

संध्याकाळी गोपिकाला नीट शुद्ध आली. मी आणि रुपराव तिच्या खाटेजवळ उभे होतो. ते तिची फिल्म द्यायला आले होते आणि डबा काखेतच होता. तो बघून तिने क्षीण आवाजात विचारलं, "माय वं! खेळत बसले होते का तुम्ही? कोण जिंकलं मंग?"

"रुपरावजी," मी म्हटलं. "त्याइले विदर्भात अजून कोणी हरवलं नाही."

रुपरावांनी माझ्याकडे बघितलं. माझा उपरोध त्यांना कधीच कळत नसे; त्यामुळे तो नसला की तेही कळत नसावं. म्हणाले, "पाच जणांनी हरवलं गा, देवाजी. तुलेच तर माहीत हाय."

"ते पाच धरायचे नाहीत," मी म्हटलं. "त्याइचं आत कोणी नव्हतं."

रुपरावांनी फिल्म खाटेच्या कडेला ठेवली, डबा दुसऱ्या काखेत घेतला, आणि टाकीत काहीतरी राहिलं आहे असं पुटपुटत डार्करूमकडे निघून गेले.